पाण्याचा ताळेबंद रब्बीच्या पेरणीआधी: विहिरीच्या मोजणीपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

गावोगावी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याच्या ताळेबंदाचा, म्हणजे गावात पाणी किती जमा आणि किती खर्च या हिशेबाचा, फलक दिसतो. फलकावरचे आकडे कुणी मोजले असं विचारलं, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: 'योजनेवाले आले होते, त्यांनी लिहिले.' काही गावांत ताळेबंद खरोखर होतो, पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेत. तोवर गहू फुलोऱ्यात असतो आणि कांद्याला तिसरं-चौथं पाणी गेलेलं असतं. त्या दिवशी कितीही तूट दाखवली, तरी उभं पीक कोण सोडणार?

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. कोणती गोष्ट कधी करायची, कशाच्या आधी काय, आणि नेमकं कुठे चुकतं. बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या शिवारासाठी हे लिहिलं आहे, कारण महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग या खडकाचा आहे. या खडकात पाणी फक्त मुरमात, भेगांत आणि सांध्यांत साठतं. साठा थोडा असतो आणि उपसला की लवकर संपतो. कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या किंवा गाळाच्या जमिनीच्या गावांनी यातली आकडेमोड जशीच्या तशी उचलू नये.

तयारी: मार्च-एप्रिल

पाच ते सात जणांचा गट करा. त्यात एक विहिरीवाला, एक बोअरवाला, एक कोरडवाहू शेतकरी, पाणी भरणाऱ्या दोन बायका आणि नळपाणी योजनेचा पंप चालवणारा माणूस हवाच. पंपचालकाला कोणत्या महिन्यात टाकी किती तासांत भरते हे तोंडपाठ असतं, आणि ती माहिती कुठल्याच दप्तरात मिळत नाही. शाळेतले शिक्षक गणिताला मदत करतील, पण मोजणी त्यांच्यावर ढकलू नका.

कागद जमवा: गावाचा नकाशा, एकूण भौगोलिक क्षेत्र, ई-पीक पाहणीतलं मागच्या वर्षीचं पीकवार क्षेत्र, पशुधनाची संख्या आणि पाझर तलाव-बंधाऱ्यांची यादी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात एक अर्ज द्या. तुमच्या शिवारात कोणता खडक आहे, पाणी मुरण्याचं प्रमाण किती धरायचं, आणि यंत्रणेची निरीक्षण विहीर तुमच्या किंवा शेजारच्या गावात आहे का, एवढे तीनच प्रश्न त्यात विचारा. यंत्रणा या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुमच्या आकड्यांना ताडून पाहायला तो फार मोठा आधार आहे.

नकाशावर डोंगर वेगळा रंगवा. २० टक्क्यांहून जास्त उताराचा भाग भूजलाच्या हिशेबातून वगळायचा असतो. पाणी तिथे ठरत नाही.

टप्पा १: विहिरी निवडा आणि मे अखेर मोजा

माथ्यावर, मधल्या पट्ट्यात आणि ओढ्याकाठी, तिन्ही ठिकाणच्या मिळून १५ ते २० विहिरी घ्या. फक्त ओढ्याकाठच्या घेतल्या तर गाव श्रीमंत दिसेल. मोजायला सोप्या म्हणून रस्त्याकडेच्याच विहिरी घेणं ही दुसरी नेहमीची चूक. यादीत सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर असलीच पाहिजे.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एका जागी तेलरंगाने खूण करा. मोजणी दर वेळी तिथूनच. कठड्याची जमिनीपासूनची उंची वहीत लिहा आणि मोजमापातून वजा करा. साधा ३० मीटरचा कापडी टेप घ्यायचा, टोकाला लोखंडी नट बांधायचा, आणि शेवटच्या दीड-दोन मीटरवर खडू घासायचा. टेप अलगद सोडायचा. नट पाण्याला लागला की बारीकसा आवाज येतो, खोल विहिरीत तो ऐकूही येत नाही. तेव्हा टेप थोडा आणखी पाण्यात जाऊ द्या, खुणेजवळचा आकडा वाचा, टेप वर ओढा आणि खडू जिथवर भिजला आहे तेवढी लांबी त्यातून वजा करा. विहिरीत वाकून अंदाजाने 'सहा परस' म्हणणं चालणार नाही.

> सावधान: मोजणीआधी मोटर किमान १० ते १२ तास बंद हवी. मी पहिल्यांदा हे काम केलं त्या गावात आम्ही सकाळी सातला मोजणीला निघालो, आणि रात्रपाळीच्या विजेवर सगळ्या मोटरी पहाटेपर्यंत चालल्या होत्या हे कुणी विचारलंच नाही. एका विहिरीत दुपारी परत टेप सोडला तर पाणी पावणेदोन मीटर वर आलेलं. त्या वर्षीची आमची पहिली वही बाद करावी लागली. वीज दिवसा आहे की रात्री, हे आधी विचारा आणि मोजणीचा दिवस त्याप्रमाणे ठरवा.

ही मोजणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचा जोरदार पाऊस होण्याआधी करा. ती चुकली तर त्या वर्षीचा ताळेबंद निम्मा आंधळा होतो, कारण पाणी किती वर आलं हे सांगायला खालचा आकडाच उरत नाही.

टप्पा २: पाऊस गावात मोजा

महसूल मंडळाचा पाऊस म्हणजे तुमच्या गावाचा पाऊस नव्हे. १० किलोमीटरवर पडलेली सर तुमच्या शिवारात येतेच असं नाही. गावात एक पर्जन्यमापक ठेवा. विकतचा नसेल तर उभ्या, सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी पुरते. डब्याचं तोंड आणि तळ सारख्या रुंदीचे हवेत. निमुळती बाटली किंवा बादली वापरली की आकडा चुकलाच.

मापक मोकळ्यावर ठेवा, शेजारच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचा, लिहा, डबा रिकामा करा. शाळेची मुलं हे काम फार मनापासून करतात, फक्त रविवार आणि सुट्टीची जबाबदारी आधी वाटून द्या. वह्यांमध्ये रविवारचा पाऊस हटकून कोरा असतो.

> तपासा: जुलैअखेर तुमची बेरीज मंडळाच्या आकड्याशी ताडा. १०-२० टक्क्यांचा फरक असेल तर चालतं. दुप्पट-तिप्पट फरक असेल तर आधी डब्याची जागा बघा.

टप्पा ३: पावसाळ्यानंतरची मोजणी

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस थांबून चार-पाच दिवस झाल्यावर त्याच विहिरी, त्याच खुणा, तेच नियम. त्याच दोन दिवसांत तलाव आणि बंधारेही मोजा: पाण्याची लांबी, रुंदी आणि काठीने चार-पाच ठिकाणी खोली. तळ उतरता असतो, म्हणून लांबी × रुंदी × सर्वांत जास्त खोली या गुणाकाराचा निम्मा आकडा धरा.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बंधाऱ्याची कागदावरची साठवणक्षमता लिहू नका, त्यातली निम्मी जागा गाळाने खाल्लेली असू शकते. 'बंधारा यंदा तीनदा भरला' म्हणून क्षमतेला तिनाने गुणू नका. जे पाणी मुरलं ते विहिरीच्या पातळीत आधीच मोजलं गेलं आहे. मोजणीच्या दिवशी डोळ्यांना दिसणारं पाणी, तेवढंच.

आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरलं असेल तर ते जमा. विहिरीतून मोटर लावून भरलं असेल, तर ते गावाच्या पोटातलं पाणी उचलून उन्हात ठेवलेलं आहे. ते जमेच्या बाजूला लिहू नका, उपशात लिहा. उन्हाळ्यात अशा तळ्यावरून रोज ८-१० मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, आणि शेजारच्याची विहीर त्याची किंमत मोजते. हे बोलायला गावात जड जातं, मला माहीत आहे. पण ताळेबंदातली ही नोंद लपवली तर पुढचं सगळं खोटं ठरतं.

टप्पा ४: जमेची बाजू

एकच सूत्र लक्षात ठेवा: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. गणितासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. क्षेत्र १,००० हेक्टर, त्यातले १०० हेक्टर डोंगर. पाऊस ४५० मिलिमीटर, लोक २,०००.

पहिली पद्धत पावसावरून. ९०० × ४५० × १०,००० = ४०५ कोटी लिटर. यातलं बहुतेक पाणी वाफ होतं, खरिपाची पिकं आणि गवत पितं किंवा ओढ्याने वाहून जातं. भूजल मोजण्याच्या प्रचलित निकषांत कुजलेल्या बेसॉल्टमध्ये साधारण ७ टक्के आणि सच्छिद्र, सांध्यांच्या बेसॉल्टमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास पाऊस मुरतो असं धरतात. आपण मधले १० टक्के धरू: साधारण ४० कोटी लिटर.

दुसरी पद्धत विहिरींवरून. मे आणि ऑक्टोबरमधला सरासरी फरक २ मीटर आला समजा. अशा खडकात घनफळाच्या साधारण २ टक्केच पाणी हाती लागतं. ९० लाख चौरस मीटर × २ × ०.०२ = ३ लाख ६० हजार घनमीटर, म्हणजे ३६ कोटी लिटर. तालुक्याच्या कार्यालयात 'टीसीएम', म्हणजे हजार घनमीटर, म्हणतील. १ टीसीएम म्हणजे १० लाख लिटर, म्हणून हे ३६० टीसीएम.

दोन आकड्यांतला ४ कोटींचा फरक बराचसा खरिपात विहिरींनी उपसलेला असतो, कारण ऑक्टोबरची पातळी तो उपसा वजा होऊनच दिसते. हिशेबाला कमी आकडा घ्या, ३६ कोटी.

त्यातले १० टक्के ओढ्याला आणि झऱ्यांना सोडा. ते आपोआप वाहून जाणारंच पाणी आहे, आणि ओढ्यातला जीव त्यावर जगतो. उरले ३२.४ कोटी. तलाव-बंधाऱ्यात दिसणारं ६ कोटी असेल तर वाफ आणि मुरणं जाऊन निम्मंच, ३ कोटी, धरा. एकूण जमा साधारण ३५.४ कोटी लिटर.

> सावधान: मे महिन्यात विहिरींच्या तळाशी जे शिल्लक होतं, ते जमेत धरू नका. ती गावाची गंगाजळी आहे, दुष्काळाच्या वर्षासाठी.

> तपासा: दोन्ही पद्धतींचे आकडे दुपटीने वेगळे आले तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा विहिरींची निवड एकतर्फी झालेली असते किंवा हेक्टर-एकरची गल्लत असते. १ हेक्टर म्हणजे अडीच एकर.

टप्पा ५: खर्चाची बाजू, आणि तिचा क्रम

क्रम बदलू नका: माणसं, जनावरं, उभ्या फळबागा, मग रब्बी.

पिण्याचं आणि घरगुती पाणी जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने धरा. २,००० × ५५ × ३६५ = सुमारे ४ कोटी लिटर. इथे हमखास चूक होते ती मेपर्यंतचेच दिवस मोजण्याची. पुढचा पाऊस लांबला तर? म्हणून पूर्ण वर्ष. मोठ्या जनावराला रोज ५० लिटर, शेळी-मेंढीला ५ लिटर धरले तर ८०० गाईम्हशी आणि १,००० शेळ्यामेंढ्यांना वर्षाला १.६ कोटी लागतात. मुक्कामी येणारे मेंढपाळांचे कळप आणि ऊसतोडीहून परतणारी माणसं यादीतून सुटतात, ती घ्या.

५.६ कोटी गेले, ३० कोटींच्या जवळ उरले. डाळिंब-मोसंबीच्या उभ्या बागांना ६ कोटी धरू. रब्बीला राहिले २४ कोटी.

या २४ कोटींत काय येतं ते बघा. हरभऱ्याला ३०० मिलिमीटर धरलं तर हेक्टरी ३० लाख लिटर, म्हणजे ८० हेक्टर हरभरा. गव्हाला ४५० धरलं तर ५३ हेक्टर. कांद्याला ६०० धरलं तर ४० हेक्टर. उसाला २,००० मिलिमीटर धरून पावसाचे ४५० वजा केले, तरी हेक्टरी दीड कोटीच्या वर लागतात: जेमतेम १५ हेक्टर. अख्ख्या गावाचं रब्बीचं पाणी, १५ हेक्टरांत. ग्रामसभेत मी हाच एक तक्ता मोठ्या अक्षरात लावतो, बाकीचे आकडे कुणी विचारले तर सांगतो.

पिकांच्या गरजेचे आकडे तुमच्या विभागाच्या कृषी विद्यापीठाचे घ्या, राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली. हे आकडे पिकाच्या गरजेचे आहेत. पाटाने मोकळं पाणी दिलं तर मोटर त्याहून बरंच जास्त उपसते.

> सावधान: 'ठिबक बसवलं, पाणी वाचलं' असं लिहून मोकळं होऊ नका. ठिबक आल्यावर त्याच विहिरीवर आणखी दोन एकर भिजवले गेले असतील, तर गावाचं काहीच वाचलेलं नाही. ठिबकाखालचं क्षेत्र विचारा, आणि ते मागच्या वर्षी किती होतं तेही.

टप्पा ६: ग्रामसभेआधी घराघरांत

ताळेबंद थेट ग्रामसभेत उघडला की पहिल्या दहा मिनिटांत भांडण लागतं आणि विषय तहकूब होतो. आधी चार छोट्या बैठका घ्या: विहिरीवाले, बोअरवाले, कोरडवाहू आणि भूमिहीन, आणि महिला ग्रामसभा. महिला ग्रामसभा नियमानेही आधीच व्हायची असते. ती सही-अंगठ्यापुरती उरकू नका. एप्रिलमध्ये हंडा भरायला किती वेळ लागतो, टँकर मागच्या वेळी कधी सुरू झाला, हे तिथे बायका सांगतात आणि लिहून घेतलं की तो पुरावा होतो.

कुणाचंही नाव घेऊन 'याच्या तीन बोअर आहेत' असं तक्त्यावर मांडू नका. वस्तीवार किंवा पाणलोटवार आकडे द्या. ज्याला समजायचं त्याला समजतं, आणि तो उद्या तुमच्या मोजणीला विहीर उघडी ठेवतो.

टप्पा ७: ठराव

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पावसाचे आकडे सांगा आणि विषयाची कल्पना द्या. मोजणी पूर्ण झाली की ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विशेष ग्रामसभा बोलवायला सरपंचांना लेखी पत्र द्या. ज्वारीची पेरणी तोवर उरकत आलेली असते, पण हरभरा, गहू आणि रब्बी कांदा अजून हातात असतो. नोटिशीच्या विषयपत्रिकेवर 'पाण्याचा ताळेबंद व रब्बी पीक नियोजन' असा स्वतंत्र विषय असू द्या. 'ऐनवेळी येणारे विषय' यात घेतलेला ठराव पुढे टिकत नाही. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. सह्यांची वही स्वतः बघा.

ठराव मोघम नको. 'पाणी जपून वापरावे' याला काहीच अर्थ नाही. असं लिहा:

'यंदा गावात ४५० मिमी पाऊस झाला. पिण्यासाठी व जनावरांसाठी ५.६ कोटी लिटर पाणी राखीव ठेवण्यात येत आहे. रब्बीसाठी उपलब्ध पाणी २४ कोटी लिटर असल्याने नवीन ऊस लागवड करू नये, कांद्याचे क्षेत्र अमुक हेक्टरपर्यंत ठेवावे व उर्वरित क्षेत्रात ज्वारी, हरभरा घ्यावा असे सर्वानुमते ठरले. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर किंवा विंधन विहीर घेऊ नये. जानेवारीत पुन्हा मोजणी करून ग्रामसभेपुढे ठेवावी.'

यातला फरक नीट समजून घ्या. पिकाबद्दलचा भाग लोकांच्या संमतीवर उभा आहे, कुणी मोडला तर पोलीस येणार नाहीत. ५०० मीटरच्या भागाला कायद्याचं बळ आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ जून २०१४ पासून लागू आहे, आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला तो 'खोल विहीर' मानून बंधन घालतो. बोअरची गाडी गावात शिरली तर ठरावाची प्रत जोडून त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, एक प्रत भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला, आणि पोच घ्या. फोनवर सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही.

संमतीवर गाव चालतं का, असं विचारणाऱ्यांना मी अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दाखवतो. तिथे दरवर्षी पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडून रब्बीचं नियोजन ठरतं, शेतीसाठी बोअरला आणि उसासारख्या पिकांना गावाने स्वतःच मनाई केली आहे. मात्र त्यांचा ठराव उचलून आपल्या गावाचं नाव घालू नका. मोजणीशिवायच्या ठरावाला पहिल्याच वर्षी कुणी जुमानत नाही.

टप्पा ८: ठरावानंतरचे आठ महिने

आकडे फलकावर लिहा, तेलरंगाने नव्हे, खडूने, म्हणजे बदलता येतील. जानेवारी आणि मार्चमध्ये त्याच विहिरी परत मोजा. अंदाजापेक्षा पातळी वेगाने उतरत असेल तर उन्हाळी पीक घेऊ नये हे जानेवारीतच सांगता येतं, एप्रिलमध्ये नाही. डिसेंबरमध्ये शिवारफेरी काढून पेरलेलं क्षेत्र ठरावाशी ताडा.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत गटविकास अधिकारी, तालुका कृषी कार्यालय आणि भूजल यंत्रणेला पाठवा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात गाळ काढणं, विहीर पुनर्भरण आणि पिण्याच्या विहिरीचं संरक्षण ही कामं याच आकड्यांच्या आधारे घाला. सलग तीन वर्षांच्या तारीखवार नोंदी असल्या की गोष्ट बदलते. टंचाई आराखड्यात गावाचं नाव, तलावातलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवण्याची मागणी, वरच्या अंगाला नव्याने येणाऱ्या पाणीखाऊ प्रकल्पावरची हरकत, या प्रत्येक ठिकाणी साहेब विचारतात, 'आधार काय?' तेव्हा टेबलावर ठेवायला वही हवी.

ती वही सरपंचाच्या घरी ठेवू नका. निवडणूक झाली की ती हरवते. ग्रामपंचायतीत मूळ, शाळेत एक प्रत, आणि प्रत्येक पानाचा फोटो गटातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये. पुढची मोजणी मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. त्याआधी कठड्यांवरच्या पुसट झालेल्या खुणा रंगवून घ्या.